सासूबाईंच्या रद्द तिकिटाचे ८११ रुपये आणि बाकीचा हिशेब

प्रति,
नोडल अधिकारी, प्रवासी तक्रार विभाग

विषय: स्वातंत्र्यदिनाच्या सेलमधील मुंबई–नागपूर विमान तिकिटांवर मागाहून लावलेले आकार आणि रद्द तिकिटाचा अडवलेला परतावा

महोदय,

ऑगस्टमध्ये तुमच्या सेलची जाहिरात माझ्या मोबाइलवर आली: 'मुंबई–नागपूर १,४९९ रुपयांपासून'. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर वर्ध्याला ठरलं होतं. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. ठाण्यात येऊन त्यांना तीस वर्षं होऊन गेली. माहेरी जायचं म्हणजे संध्याकाळी ठाणे स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, एवढंच त्यांना ठाऊक. विमानात त्या कधीच बसलेल्या नाहीत. जाहिरात दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्यात होते का?" मी म्हटलं, होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन्शनमधले साडेचार हजार काढून माझ्या हातावर ठेवले. त्या, मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, अशा तिघींच्या तिकिटांचे. तुमच्या आकड्यावर विसंबून मी घरात शब्द दिला होता, म्हणून हे लिहिते आहे.

१,४९९ प्रमाणे तीन तिकिटांचे ४,४९७ रुपये होतात. माझ्या कार्डावरून गेले ११,३७७. एवढी रक्कम एकदम समोर आली असती तर मी तिथेच थांबले असते. पण ती पानापानाने वाढत गेली. नावं भरून झाल्यावर कर आणि विमानतळाचे आकार मिळवून तिकीट माणशी २,३१० झालं. मग कळलं, या भाड्यात फक्त सात किलोची हातातली बॅग नेता येते. लग्नाच्या साड्या आणि अहेर त्यात कसा बसणार? १५ किलोच्या एका बॅगेचे १,६०० भरले. सीटचे १,०५० आणि विम्याचे ७४७ झाले. कार्डाचा नंबर टाकल्यावर, अगदी शेवटी, 'सुविधा शुल्क' माणशी ३५०, म्हणजे आणखी १,०५०. यूपीआय आणि नेट बँकिंग करून पाहिलं, तरी हे ३५० सुटत नाहीत. वर कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ होतं आणि 'या दरात दोनच सीट शिल्लक' अशी लाल पट्टी. मला तीन हव्या होत्या. त्याच दरात तिन्ही मिळाल्या.

साडेचार हजारांवरचे पैसे मी घातले, हे सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

बॅगेच्या पैशांबद्दल माझं भांडण नाही. सामान, जेवण आणि पसंतीची सीट यांचे वेगळे पैसे घ्यायची मुभा डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना दिलेली आहे. माझं म्हणणं पहिल्या आकड्याबद्दल आहे. एकटा माणूस बॅग, सीट, विमा काहीही न घेता निघाला, तरी तुमच्याकडे त्याला २,३१० अधिक ३५०, म्हणजे २,६६० रुपये मोजावेच लागतात. १,४९९ रुपयांत तुमच्या विमानात कोणालाच चढता येत नाही. मग जाहिरातीत २,६६० लिहा. तो आकडाही आम्हाला परवडला असता आणि सासूबाईंना मी तोच सांगितला असता.

विम्याचं काय झालं ते सांगते. विम्यावर खूण आधीपासूनच केलेली होती. मी ती काढली. काढताना जे बटण दाबावं लागतं त्यावर 'मला माझ्या कुटुंबाचं संरक्षण नको' असं लिहिलेलं. पुढे सीटच्या पानावरून मी एकदा मागे गेले आणि परत आले, तेवढ्यात खूण पुन्हा लागली. मेलवर तिकीट आलं तेव्हा ७४७ रुपये गेल्याचं दिसलं. वेगळ्या पैशांच्या सेवा प्रवाशाने आपणहून निवडलेल्या असाव्यात, ही डीजीसीएच्या त्या मुभेतलीच अट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत असे १३ प्रकार दिले आहेत. न मागितलेली गोष्ट बिलात घुसवणं, खोटी घाई करणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, नाही म्हणणाऱ्याला अपराधी वाटायला लावणं हे चारही त्यांत आहेत. शेवटच्या प्रकाराला तर विमानाच्या तिकिटाबरोबर विकल्या जाणाऱ्या विम्याचंच उदाहरण दिलेलं आहे. माझ्या एकाच बुकिंगमध्ये हे चारही घडले.

सीटच्या पैशांनी मला सर्वांत जास्त त्रास झाला. तुमच्या सीटच्या नकाशात प्रत्येक चौकोनावर किंमत होती. सीट न निवडता पुढे जायचा पर्याय तळाला, फिकट करड्या अक्षरांत. तो दाबला तर समोर चौकट आली: 'तुमचं कुटुंब वेगवेगळ्या रांगांमध्ये बसू शकतं.' नऊ वर्षांची मुलगी अनोळखी माणसांच्या मध्ये बसवायची? पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या ७२ वर्षांच्या बाईंना एकटं बसवायचं? मी विचार न करता १४ ए, बी, सी घेतल्या. कोणतीही आई घेईल, आणि ती चौकट लिहिणाऱ्याला ते पक्कं माहीत असणार.

नंतर माझ्या भावाने मला डीजीसीएची एप्रिल २०२४ मधली सूचना दाखवली. एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा देणं कंपनीवर बंधनकारक आहे. माझ्या मुलीचं वय तुम्ही दुसऱ्याच पानावर भरून घेतलं होतं. म्हणजे तिची जागा माझ्याजवळच असणार, हे तुमच्या यंत्रणेला सीटचं पान उघडण्याआधीच माहीत होतं. तरी मला ती भीती घातली आणि तिचे पैसे घेतले. याचा मला फार राग आला आहे.

लग्नाच्या दहा दिवस आधी सासूबाई घरात पडल्या आणि त्यांचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर घातलं, प्रवास बंद झाला. माझे पती त्यांच्याजवळ थांबले. मी दुसऱ्याच दिवशी त्यांचं तिकीट रद्द केलं. १,४९९ चं मूळ भाडं सेलचं असल्यामुळे परत मिळणार नाही, ही अट मी वाचली होती आणि ती मला मान्य आहे. पण उरलेल्या ८११ रुपयांतून 'परतावा प्रक्रिया शुल्क' म्हणून ५०० कापले, आणि ३११ रुपये सहा महिन्यांच्या मुदतीने तुमच्याच वॉलेटमध्ये टाकले. प्लास्टर घातलेल्या बाईंनी सहा महिन्यांत ३११ रुपये कुठे उडवायचे? फोनवर चाळीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगी बोलली. ती नीट बोलली, तिच्याबद्दल तक्रार नाही. "मॅडम, प्रोमो भाड्याला हेच लागू आहे," एवढंच तिला सांगायला दिलेलं होतं.

ते लागू नाही. डीजीसीएच्या परताव्याच्या नियमांनुसार तिकीट रद्द झालं किंवा वापरलं गेलं नाही, तर सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत करावेच लागतात. मूळ भाडं परत न मिळणाऱ्या सेलच्या तिकिटालाही हे लागू आहे. परतावा देण्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. आणि रक्कम क्रेडिट म्हणून ठेवायची की नाही, हे प्रवासी ठरवतो, कंपनी नाही.

प्रवासाच्या दिवशी सासूबाईंच्या १४ सी वर एक तरुण बसला होता. त्या सीटचे वेगळे पैसे भरल्याचं त्याने मला सांगितलं. म्हणजे एका सीटचे पैसे तुम्ही दोघांकडून घेतलेत.

माझी मागणी अशी आहे: रद्द तिकिटाचे ८११ रुपये, विम्याचे ७४७ आणि सीटचे १,०५०, असे एकूण २,६०८ रुपये ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर जमा करावेत. वॉलेटमधले ३११ काढून घ्यावेत, ते मला नकोत. सीटच्या पानावर लहान मुलांबद्दलचा नियम ठळक लिहावा आणि ती भीती घालणारी चौकट काढून टाकावी. सेलच्या जाहिरातीत जो आकडा छापता, तेवढ्यात किमान एक माणूस तरी विमानात बसू शकला पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या एअरसेवा या सरकारी पोर्टलवर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि त्यानंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला दिलेला आहे आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला फीही लागत नाही.

सोबत: तिकीट, कार्डाचं विवरण, तिकीट रद्द केल्याची मेल, बुकिंगच्या वेळचे सात स्क्रीनशॉट, डॉक्टरांचं पत्र.

आपली,
(सही)
नौपाडा, ठाणे पश्चिम