चौदाव्या वर्षीच गाळणी कशाला?

आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलवरचा (यात चेंडू हातानेही झेलता येतो) आपल्या क्रीडा पुरवणीतील लेख वाचला. काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) संघ बळकट करायचा तर मुले चौदाव्या वर्षीच वेचून वेगळी घडवावीत, हे त्यातले मत पटले नाही. तिथे वयोगट १ जानेवारीला ठरतो. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, म्हणून बहुधा दांडगाही. निवड चाचणीत उंच आलेला चेंडू तोच हवेत झेलतो आणि निवडकर्त्यांच्या डोळ्यांत भरतो. त्यात कौशल्य किती आणि नुसती वाढ किती, हे पुढे तीन-चार वर्षांनी कळते. तोवर मागे राहिलेला पोर खेळ सोडून गेलेला असतो. बारा वर्षांखालच्या मुलांच्या ‘गो गेम्स’ या सामन्यांमध्ये प्रत्येक मुलाला मैदानात उतरवतात, मग लगेच ही घाई का?

डब्लिनने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकले, त्यात क्लबांमध्ये नेमलेल्या पगारी प्रशिक्षकांचाही वाटा होता. (डब्लिनला झुकते माप देणाऱ्या निधीवाटपावरून झालेली ओरड वेगळी, आणि ती रास्तच.) १९५१ पासून अजिंक्यपदाची वाट पाहणाऱ्या मेयोसारख्या काउंटीने पैसा आधी क्लबांच्या प्रशिक्षकांवर खर्चावा. दोन्ही पायांनी किक मारायची सवय तिथेच लागते, आणि ती लावणारा बहुतेकदा नोकरीवरून थेट मैदानावर आलेला एखादा पालक असतो.

– एक वाचक, पुणे