'कूल-एड प्यायलाय' म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑफिसातलं इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या सदरात 'ड्रिंकिंग द कूल-एड' याचा अर्थ 'डोळे झाकून कुणाच्या तरी मागे जाणं' असा दिला आहे. अर्थ बरोबर आहे. पण तो आला कुठून, हे 'अमेरिकेतल्या एका पंथाच्या सामूहिक आत्महत्येवरून' एवढ्यावरच उरकलं आहे. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

कूल-एड ही आपल्याकडच्या रसनासारखी सरबताची पूड. प्रत्यक्षात त्या पंथाचे लोक मेले त्या दिवशी विषासोबत पिंपात कालवली गेली ती मुख्यतः फ्लेवर-एड नावाची दुसरीच, स्वस्त पूड. पण खरा घोळ पुडीच्या नावाचा नाही.

या पंथाचा प्रमुख जिम जोन्स याने १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये 'पीपल्स टेम्पल' सुरू केलं. गोरे-काळे एका बाकावर बसून प्रार्थना करताहेत, हे त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ होतं. म्हणूनच अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या आशेनं त्याच्याकडे आली. पुढे त्याने बस्तान कॅलिफोर्नियात हलवलं आणि तिथून दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात, 'जोन्सटाउन'मध्ये. तिथे पोचलेल्यांचे पासपोर्ट काढून घेतले होते, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे चेक संस्थेकडे जमा होत होते आणि भोवती बंदूकधारी पहारा होता. 'उद्या मरायचं' याची रंगीत तालीमही रात्री-अपरात्री लोकांकडून करून घेतली जाई.

नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकन खासदार लिओ रायन नोव्हेंबर १९७८ मध्ये तिथे गेले. काहींनी 'आम्हाला इथून न्या' अशी विनवणी केली आणि ते रायन यांच्याबरोबर निघाले. १८ नोव्हेंबरला जवळच्या पोर्ट कैटुमाच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. रायन, तीन पत्रकार आणि जोन्सटाउन सोडून निघालेली एक बाई जागीच गेली. तिकडे वस्तीत जोन्सने सगळ्यांना मंडपात बोलावलं. सरबतात सायनाइड होतं. सुरुवात लहान मुलांपासून केली. तान्ह्यांच्या तोंडात सिरिंजने विष सोडलं. त्या दिवशी एकूण ९१८ माणसं मेली, त्यांत तीनशेहून अधिक मुलं होती.

त्या शेवटच्या सभेची सुमारे ४४ मिनिटांची ध्वनिफीत आहे. तिच्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक स्त्री माइकवर उभी राहून जोन्सला विरोध करते. रशियात जाण्याचा मार्ग अजून नाही का, असं विचारते. या लेकरांना जगण्याचा हक्क आहे, असं तोंडावर सांगते. जमाव तिच्यावर ओरडतो, तरी ती आपलं म्हणणं सोडत नाही. तीही त्याच दिवशी गेली. तिला 'डोळे झाकून मागे जाणारी' कसं म्हणायचं?

त्या जमावात जोन्सवर मनापासून विश्वास असणारेही होते, हे मी नाकारत नाही. पण काही महिन्यांचं बाळ आत्महत्या करत नाही. पोटचं पोर डोळ्यांदेखत गेलेल्या, भोवती बंदुका असलेल्या आईनं पुढे केलेल्या पेल्याला स्वेच्छा म्हणायला माझं मन धजत नाही. मी याला हत्याकांडच म्हणेन.

कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीत यातले चारशेहून अधिक मृतदेह एकत्र पुरले आहेत. त्यांत पुष्कळ मुलं, ज्यांची ओळखही पटली नाही. २०११ मध्ये तिथे सगळ्यांची नावं कोरलेल्या शिळा बसवल्या, त्यांत जोन्सचंही नाव घातलं, आणि काही नातेवाइकांना ते फार लागलं. त्या दिवशी रायन यांच्यासोबत असलेल्या आणि गोळ्या लागून गंभीर जखमी झालेल्या जॅकी स्पायर पुढे स्वतः खासदार झाल्या. या घटनेतून वाचलेले आणि आपली माणसं गमावलेले लोक अजून आपल्यात आहेत, आणि हा वाक्प्रचार त्यांच्या कानांवर पडत असतो.

माझे काही जुने विद्यार्थी पुण्याच्या आयटी कंपन्यांत आहेत. नवा सहकारी कंपनीचं गुणगान गायला लागला की 'यानं कूल-एड प्यायलं' असं ते हसत हसत म्हणतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. सांगण्याचं काम तुमच्या सदराचं आणि माझ्यासारख्या शिक्षकांचं. मुलांना हा वाक्प्रचार ऐकून कळावा, पण स्वतः वापरू नये, असंच मी शिकवीन. आपणही पुढच्या अंकात 'सामूहिक आत्महत्या' हे शब्द दुरुस्त करावेत आणि मेलेल्यांत तीनशेहून अधिक मुलं होती हे त्याच चौकटीत छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सातारा