घोडा एकटाच परतला

नागपूर, ५ सप्टेंबर

प्रिय दिप्या,

तीन वर्षं हिस्लॉप कॉलेजात काढली आपण, पण हा हिस्लॉप कोण ते कधी विचारलं नाही. काल चार तारीख, त्याची पुण्यतिथी. म्हणून लिहायला बसलो.

स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा पाद्री. जन्म १८१७ चा, म्हणजे सीताबर्डीच्या इंग्रज-भोसले लढाईच्याच वर्षी. १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आला, शाळा काढली. मला मात्र त्याचं दुसरं वेड भावलं. रॉबर्ट हंटर या सोबत्याला घेऊन हा गडी दगड बघत हिंडायचा. १८५१ मध्ये टाकळीला (आता ती शहरातच आली म्हण) काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्यांना एक वेगळाच पट्टा दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, बिया, किड्यांचे पंख! म्हणजे लाव्हा वाहून थंड झाला, वर तळं साचलं, जीव नांदले, आणि पुन्हा लाव्हा आला तो त्या तळ्यावरच.

माझ्या टेबलावर तसलाच एक तुकडा आहे, एका शेतकऱ्याने बांधावरून उचलून दिलेला. नखाएवढा शंख. ओलं बोट फिरवलं की वेढे मोजता येतात. सकाळी चहा पिताना उगाच हातात घेऊन बसतो. बायको हसते.

सिलेवाड्याच्या वालुकाश्मातली पानं, मांगलीची उभयचराची कवटी, सगळं त्याने गोळा केलं. कवटीचं वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञाने केलं. १८५५ मध्ये हिस्लॉप-हंटरचा नागपूरच्या भूशास्त्रावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. इथल्या कॅल्साइट नावाच्या खनिजाच्या हिरव्या प्रकाराला हिस्लोपाइट म्हणाले, आणि तळ्यातल्या एका बारक्या जिवाला हिस्लोपिया.

१८६३ च्या सप्टेंबरात तो टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे फार जुन्या दफनांभोवती मांडलेली दगडांची कडी, बघायला गेला. रिचर्ड टेम्पल हा इंग्रज अधिकारीही सोबत होता. परतताना मात्र हिस्लॉप मागे राहिला. अंधार पडत आलेला, नाला भरून आलेला. बोरीच्या मुक्कामी घोडा पोहोचला, पाठीवर कोणी नव्हतं. शोधाशोध झाली, आणि पाण्यात प्रेत सापडलं. शेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस कमी होते.

बोरी म्हणजे आपलं बुटीबोरी रे! एमआयडीसीत जाताना किती वेळा तिथून गेलो असू.

तू दिवाळीला येशील तेव्हा टाकळघाटला जाऊ. वर्तुळं अजून आहेत. पावसाळ्यात मात्र नको, आणि तुझ्या त्या खटारा मोटरसायकलवरून तर अजिबात नको.

तुझा,
बाळ्या