जीव घाबरा होतो त्याबद्दल

ती. बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर दुसऱ्या वाक्यालाच आईचा आवाज ओला झाला असता, आणि मी "काही नाही गं, ॲसिडिटी आहे" म्हणून मोकळी झाले असते. आठ महिने तेच करतेय. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. आईनं मधेच "काय व्हायलंय तिला?" विचारलं तरी थांबू नका.

आधी हे ऐका. माझं हृदय ठणठणीत आहे. ईसीजी झाला, इको झाला, रक्तही तपासलं. जेवण नीट चाललंय, खालच्या पोळी-भाजीवाल्या मावशी ज्वारीची भाकरी देतात. आईच्या हातची नाही, पण भाकरीच. खोलीत ऊन येतं. मैत्रीण सोबत आहेच.

फेब्रुवारीत रात्रपाळीला बसले होते. एकाएकी छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास आत जाईना. वाटलं, झालं, इथंच संपलं. दवाखान्यात रात्रीच्या डॉक्टरनं "काही नाही, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी धाडलं. पुढच्या महिन्यात तीनदा तसंच झालं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा बडवतं. आपण भराभर श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि चक्कर त्याचीच. दहाएक मिनिटांत ते टोकाला जातं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. त्यात जीव जात नाही. हे कळल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि मला तू आठवलीस, आई.

दरवर्षी ३० सप्टेंबरला तू तीन वाजताच उठून चुलीपुढं बसतेस. लहानपणी मला वाटायचं, त्या दिवशी कसला तरी उपवास असतो. त्र्याण्णवच्या भूकंपाची वेळ, ३:५६, होऊन गेली की मगच तू चहा टाकतेस. आणि एरवीही, ट्रक गेला नि भांडी खणखणली की तुझा हात छातीवर जातो. बाबा अजून अंगणातच बाज टाकतात, थंडीतसुद्धा. आपण ह्याला कधी नाव दिलं नाही, एवढंच.

बाबा, पत्र्याच्या शेडात मी रात्री किंचाळून उठायचे तेव्हा तुम्ही कंदील वर धरून म्हणायचात, "ठमे, पत्र्याला खिळे किती, मोज." मी मोजायचे. सतरा-अठरापर्यंत डोळा लागायचा. आता समुपदेशक बाईंनी सांगितलं, घाबरल्यावर डोळ्यांसमोरच्या पाच वस्तू मोजायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे. मी हसायलाच लागले. म्हटलं, हे मला सातव्या वर्षापासून येतं. त्यांनी नोंदवहीत लिहून घेतलं, खरंच.

बिनगोळीचे उपाय मी मनापासून केले, हे आईला मुद्दाम सांगते. चार अंकांपर्यंत श्वास आत, सहापर्यंत बाहेर, बाहेरचा लांब. भ्रामरी. सकाळी अर्धा तास भरभर चालणं. तोंडावर गार पाणी. चहा सातावरून दोनवर आणला, तो सगळ्यांत अवघड. रात्री तू करायचीस तसं तळपायाला तेल चोळते. त्याचा गुण दवाखान्यात कोणी सांगितला नाही, पण मला बरं वाटतं. ह्या सगळ्यानं झटके कमी झाले, आणि आले तरी मी त्यांच्यापुढं पळत सुटत नाही.

पण पुरलं नाही. म्हणून मी रात्रपाळी सोडली. पगार आठ हजारांनी कमी झालाय, त्यामुळं बोअर यंदा होणार नाही. बाबा, मी तुमच्या तोंडासमोर हे बोलू शकले नसते. चार वेळा हिशेब मांडला. दिवसा झोपून रात्री जागण्यात माझी झोपच मोडली होती, आणि झोप मोडली की झटका ठरलेलाच. आणि मी पडले असते तर आठ हजारच काय, सगळाच पगार गेला असता, नाही का? हप्ता चुकणार नाही. तुमच्या दोघांच्या औषधांचे पैसे मी वेगळे काढून ठेवते, त्याला हात लागणार नाही.

आणि तीन आठवड्यांपासून एक गोळीही चालू आहे. मानसोपचार डॉक्टरांची. ती झोपेची नाही, नशेची नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनाला येईल तेव्हा बंद करायची नसते. लोक काय म्हणतील ते केव्हाच म्हणून झालंय, आता त्यांच्याकडं नवीन काही उरलेलं नाही. शेजारी काकूंना मात्र सांगू नकोस आई, निदान येळवसच्या सणापर्यंत तरी.

आता तुझं. तू बाजारातून आणतेस ती अश्वगंधाची पुडी बंद कर. तू थायरॉइडची गोळी घेतेस ना? अश्वगंधानं थायरॉइडचा हार्मोन वाढू शकतो, आणि तो वाढला की धडधड, घाम, हात थरथरणं होतं. म्हणजे धडधडीवर घेतलेल्या पुडीनंच धडधड व्हायची. लातूरला जाऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी कर आणि डॉक्टरांना पुडी दाखव, लपवू नको. जायफळ दुधात चिमूटभर ठीक, चमचाभर नाही. त्याच्या अतीनं उलट्या होतात, भान जातं. बाबा, तुमची ज्येष्ठमधाची काडी खोकल्याला गुणकारी असेल, पण रोज चघळू नका, त्यानं बीपी चढतं आणि तुम्ही बीपीची गोळी घेताय. रागावू नका, मी पण दोन महिने आईचीच पुडी खाल्ली होती.

आणि आई, छातीत दुखून ते डाव्या हातात किंवा जबड्यात उतरलं, दरदरून घाम फुटला, तर श्वास मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना. मला फोन नंतर.

रात्री जीव घाबरला आणि बाबांना उठवावंसं वाटलं नाही, तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे, टेली मानस. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी एकदा केलाय. बाबा, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कॅलेंडरच्या शेजारी. दरवर्षी बदलणाऱ्या कॅलेंडरवर नको.

येळवसला येते. अंबील मला पाहिजे, ती करच. धपाट्यांचा डबा ट्रॅव्हल्सवाल्याकडं पाठवू नका, वाटेत वास येतो. बरं, पाठवा. पण कुठलीही पुडी त्यात नको.

तुमची
ठमी