पथ्याचा दोष एकट्या रुग्णावर नको

महोदय,

दोन डायलिसिसच्या मधल्या काळात शरीरात पाणी साठून रुग्णाचे वजन जास्त वाढले की त्याच्या कागदावर 'पथ्य पाळत नाही' असा शेरा पडतो. मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. निर्वासित रुग्णांवर हा शेरा फार लवकर मारला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर, म्हणजे १६८ तासांपैकी फक्त १२ तास. बाकीचे १५६ तास रुग्णाने स्वतःला सांभाळायचे. पाणी मोजून प्यायचे, भाज्या भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचे म्हणजे पोटॅशियम कमी होते, फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या. फिस्टुलाची (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडाची) थरथर रोज हात लावून बघायची आणि त्या हातावर कुणाला रक्तदाब मोजू द्यायचा नाही. जन्मभर त्याच देशात राहिलेल्यालाही हे जड जाते. त्यातून मीठ खाल्ले की तहान लागणारच. मीठ न तोडता 'पाणी कमी प्या' म्हणणे निरर्थक आहे.

आता छावणीतल्या माणसाचा विचार करा. शिध्यात डबाबंद अन्न आले तर त्यात आधीच मीठ असते. चूल सामाईक, वजनकाटा नाही. जिथे पाणीच मोजून मिळते तिथे भाज्या उकडलेले पाणी ओतून द्या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय सूचना परक्या भाषेत, आणि दुभाषी म्हणून पुष्कळदा त्याचेच शाळकरी मूल उभे असते. पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते, हे त्या पोराने आपल्या आईला कसे सांगावे?

स्थानिक रुग्णांचेही सगळे आलबेल नसते. यांना भाषा येते, तेव्हा सगळे समजले असणार, असे आम्ही धरून चालतो आणि छापील कागद हातात देऊन मोकळे होतो. त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करते, हेसुद्धा विचारायचे राहून जाते.

डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड, म्हणजे डायलिसिसचे मशीन, तयार केले ते जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, साहित्याची चणचण असताना. ज्या उपचाराचा जन्मच युद्धात झाला, त्यात युद्धातून पळून आलेल्यांची सोय नसावी, याचे मला फार वाईट वाटते.

आरोग्य खात्यांनी निदान प्रशिक्षित दुभाषी द्यावा, फोनवरचा का होईना. आहारतज्ज्ञांनी रुग्णाच्या हाती खरोखर येणाऱ्या अन्नावरून पथ्य आखावे. आणि निर्वासिताला दुसरीकडे हलवताना ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचे वजन), हिपॅटायटिसच्या तपासण्या, हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) मात्रा व शेवटच्या डायलिसिसची तारीख लिहिलेला कागद त्याच्यासोबत गेलाच पाहिजे. तो नसेल तर नव्या केंद्रात पहिली सुई टोचेपर्यंतच मोलाचा वेळ जातो, आणि आधीचे डायलिसिस चुकलेले असेल तर तेवढ्यात जीवही जाऊ शकतो.

– एक परिचारिका