इगतपुरीला जाण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

इगतपुरीच्या धम्मगिरीतल्या दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिराचा फॉर्म भरते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. "निदान झोप तरी नीट लागेल गं आई," असं तू म्हणालीस, ते मात्र मनात घोळत राहिलं.

ही शिबिरं भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी. अर्धशिशीनं इतके बेजार की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे सरकारी महालेखापाल, कचेरी सांभाळून विपश्यना शिकवायचे. नुसती डोकेदुखी घालवायला आला असाल तर घेणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. मन निर्मळ करायला या, दुखणं गेलं तर तो वरचा लाभ. पुढे 1969 मध्ये गोयंका आजारी आईसाठी भारतात आले आणि मुंबईत त्यांनी इथलं पहिलं शिबिर घेतलं. तुझ्या झोपेचंही त्या डोकेदुखीसारखंच धर, लागली तर तो वरचा लाभ.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, सोबत जपही नाही. मन पळणारच, कधी ऑफिसात, कधी जुन्या भांडणात. पळालं हे कळलं की न चिडता परत आणायचं. इथंच माणसं हिरमुसतात, "माझं मन लागत नाही" म्हणतात. अगं, पळालेलं लक्षात येणं हीच तर साधना!

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत शरीरावरच्या संवेदना बघायच्या. अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा ठणकतो. गालावर खाज सुटते आणि हात आपोआप उठू बघतो. तेव्हा त्या खाजेकडे नुसतं बघ. ती टोचते, पसरते, मंदावते, आणि हात उचलायची उबळही तिच्याबरोबर ओसरते. साहेबांचा खोचक मेल वाचल्यावर छातीत जे दाटून येतं आणि ज्याच्या भरात आपण उत्तर ठोकून देतो, तेही आधी शरीरातच उठतं. ते उठताना दिसलं, की उत्तर काय द्यायचं हे तुझ्या हातात राहतं. ध्यानाचा अर्थ मला विचारशील तर एवढाच. शांत वाटणं येतं-जातं, त्याच्या मागे लागू नकोस.

पहाटे चारला घंटा होते. फोन, वही, पेन सगळं जमा करावं लागतं. मौन असलं तरी अडचण शिक्षकांना सांगता येते, संकोच करू नकोस. फी नसते, शेवटी इच्छेप्रमाणे दान.

आता महत्त्वाचं. मध्यंतरी तुला छातीत धडधडून घाबरायला व्हायचं, गोळ्या चालू होत्या, ते फॉर्ममध्ये सगळं खरं लिही. दहा दिवसांत काहींचं मन फार ढवळून निघतं. आधी आपल्या डॉक्टरांना विचार. ते "आत्ता नको" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, शिबिरं वर्षभर होत असतात. आणि डॉक्टर काय म्हणतात ते रविवारी मला फोन करून सांग.

तुझी,
आई