गोळी दिवस जाण्याआधीच हवी

वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे सारे खापर बाईच्या खाण्यापिण्यावर फोडणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. निष्कर्ष पटला नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. थायरॉईड, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी प्रतिपिंडे), गर्भाशयाची रचना हेही तपासावे लागते. ‘नीट खाल्लं नसशील’ हे खचलेल्या मुलीला सासरी-माहेरी ऐकावे लागतेच, त्यात छापील शब्दाची भर नको.

पोषणाचा संबंध आहे, पण तो दिवस गेल्यावर नव्हे, आधी पाहायला हवा. फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ कमी पडले की रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते, आणि त्याचा वारंवार गर्भपाताशी संबंध आढळला आहे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर, शक्यतो तीन महिने आधी सुरू व्हावी. शाकाहारी स्त्रियांनी बी-१२ जरूर तपासावे; ते कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा अहवाल सुधारतो, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठाही पाहावा. लोहाची गोळी चहा किंवा कॅल्शियमबरोबर घेतली की शोषण घटते. घणसोली-ऐरोलीहून सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत नेमके हेच होते, गोळी चहाबरोबरच घेतली जाते. दोन तासांचे अंतर ठेवावे, गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी दुसऱ्या गर्भपातानंतर बी-१२ आणि फेरिटिनची तपासणी आपल्या आरोग्य केंद्रांत मोफत करावी.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, ठाणे